ओझं ठरवणारे खराडे नाना

आमच्या इमारतीचा जिना लोखंडी आहे आणि तो माझ्या चष्म्याच्या दुकानाला चिकटूनच वर जातो. त्या जिन्यावरून कोण उतरतंय हे खराडे नानांना दुकानात पाठमोरं बसूनही नुसत्या पायांच्या आवाजावरून कळायचं. आणि जो कोणी असेल त्याला ते थोडंफार भ्यायचे. धाडधाड उतरणाऱ्याला भ्यायचे, कारण तो चिडलेला असणार. हळू उतरणाऱ्याला जास्त भ्यायचे, कारण तो हरलेला असणार आणि अजून चिडायचा बाकी असणार.

वरच्या मजल्यावर फिरोजचा पूल क्लब आहे. नाना तिथं खेळत नसत आणि नोकरीलाही नव्हते. गडमुडशिंगीहून दुपारच्या बसनं यायचे, भिंतीला टेकून लोकांचे खेळ बघायचे आणि मग खाली माझ्याकडे येऊन बसायचे. त्यांच्याकडे काम एकच होतं, पण ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. एक खेळाडू पोटापाण्यासाठी खेळणारा, दिवसभर काठी हातात धरणारा, आणि दुसरा दुकानाचं शटर ओढून हौसेखातर आलेला. अशा दोघांची मॅच लागली तर ती बरोबरीची कशी करायची, हे नाना ठरवायचे.

बाकीच्या गावांत यावर सोपा उपाय आहे. आधी पाच गेम मारील तो जिंकला, असं ठरलं असेल तर हौशी माणसाला दोन गेम आधीच देऊन टाकायचे. याला सूट म्हणतात. फिरोजनंही सुरुवातीला हेच केलं आणि क्लबात मारामाऱ्या सुरू झाल्या. कोल्हापूरचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण चारचौघांत सूट घेणार नाही. "मला सूट? मी काय लंगडा हाय?" असं म्हणून लोक सूट परत करायचे, सडकून हरायचे आणि हरल्याचा राग टेबलावर काढायचे. फिरोजचं एक टेबल त्यातच कायमचं एका अंगाला कललं.

तोड काढली ती नानांनी. "दुबळ्याला द्याचं न्हाय," ते म्हणाले, "तगड्यावर घालाचं." हौशी खेळाडूला काही देऊ नका, व्यावसायिकावर ओझं घाला. प्रत्येक गेमचा पहिला फटका समोरच्याचा. किंवा फटक्याआधी बॉल कुठल्या भोकात जाणार ते मोठ्यानं सांगायचं. आपले सगळे बॉल घालून झाल्यावर शेवटी काळा घालायचा असतो, तो समोरचा बोट दाखवील त्याच भोकात घालायचा. हिशेब तोच, पण आता घेणारा कुणीच नव्हता. हौशी माणूस ताठ मानेनं खेळायचा आणि व्यावसायिक मिशीला पीळ देत सांगायचा, "नानांनी माझ्यावर दोन ओझी घातलीती." दोघंही खूश. इतकं साधं शहाणपण भल्याभल्यांना सुचत नाही, आणि ज्याला सुचलं त्याला ते वापरताना घाम फुटायचा.

घाम मी शब्दशः म्हणतोय. ओझं सांगताना नानांच्या कपाळावर थेंब उभे राहायचे. सडसडीत अंगाचे, पांढरा पायजमा, वर कायम बंद गळ्याचा स्वेटर. बसमध्ये चढण्यापूर्वी टायर बघून घ्यायचे. पंख्याखाली बसायचे नाहीत. माझ्या दुकानात काचेची कपाटं, म्हणून स्टूल ओढून दाराशी बसायचे आणि मग दारातून गाडी आत येईल म्हणून पाय वर घ्यायचे. मला डाक्टर म्हणायचे. मी नुसता चष्मे विकतो, डोळ्यांचा डॉक्टर नाही, हे मी बऱ्याच वेळा सांगून पाहिलं. "असू दे की डाक्टर," ते म्हणायचे, आणि मीही पुढे नाद सोडला. आपल्याला कुणी फुकटात डॉक्टर करत असेल तर भांडायचं कशाला?

आयुष्यभर ते गावच्या दूध संस्थेत फॅट काढायचं काम करत होते. म्हशीवाला दूध घेऊन आला की त्यातलं थोडं घेऊन बघायचं, किती कस आहे, पाणी किती आहे. क्लबातही त्यांची भाषा तीच राहिली. ओझ्याची पद्धत रुजल्यावर काही चतुर लोक मुद्दाम वाईट खेळायला लागले, म्हणजे समोरच्यावर जास्त ओझं पडेल. नाना त्याला दुधात पाणी घालणं म्हणायचे. पेठ वडगावचे एक कापडवाले शेठ होते. सोपे सोपे बॉल चुकवायचे आणि कपाळाला हात लावून हळहळायचे. सगळा क्लब त्यांना हसायचा. नाना त्यांच्या बॉलकडे बघतच नव्हते, ते बघत होते पांढऱ्याकडे. ज्यानं बाकीच्या बॉलना मारायचं तो पांढरा. शेठचा नेम चुकायचा, पण पांढरा मात्र पुढच्या फटक्याला सोयीच्या जागी जाऊन अलगद उभा राहायचा.

त्यांनी शेठना चारचौघांत काही म्हटलं नाही. खाली जिन्याशी गाठून हात जोडले. "मालक," ते म्हणाले, "तुमचा पांढरा लई शाना हाय. त्याला जरा येडा करा, न्हायतर मला बोलावं लागंल." शेठ तांबडेलाल होऊन निघून गेले. नाना बरोबर होते आणि कुणी तक्रारही केली नव्हती, तरी त्यानंतर कित्येक दिवस ते कोल्हापुरात फिरकले नाहीत. शेवटी फिरोजनं मोटरसायकल काढून त्यांना गावातून आणलं.

मी विचारलं, "नाना, तुम्ही खरं तेच बोलला होता. मग भ्यायचं कशाला?"

त्यांनी स्वेटरची बाही वर करून कोपरापाशी दाखवलं. हाड वाकडं बसलं होतं. संस्थेत असताना एकाचं दूध त्यांनी पाणी आहे म्हणून परत पाठवलं होतं. त्या माणसानं भरलेली किटली उचलून त्यांच्यावर घातली. "मी चुकलो आसतो तर शिव्या दिल्या आसत्या त्यानं," नाना म्हणाले. "बरोबर होतो म्हणून मारलं. तवापासनं मला चुकायचं भ्या वाटत न्हाय डाक्टर. बरोबर ठरायचं वाटतंय."

मला तेव्हा हसू आलं होतं.

ओझं सांगून झालं की नाना मॅच बघायला थांबत नसत. माझ्या दुकानात येऊन बसायचे. जिन्याच्या पोकळीतून वरचा आवाज सरळ खाली येतो. बॉल पडल्याचा गडगडाट, काठीचा दांडा फरशीवर आपटल्याचा ठोका, लोकांची वाहवा. नाना डोळे मिटून ऐकायचे. मॅच रंगून शेवटच्या गेमपर्यंत गेली की त्यांचे खांदे सैल व्हायचे, म्हणजे ओझं बरोबर बसलं. सुरुवातीला एकतर्फी वाटली तर माझ्या टेस्टिंगच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभे राहायचे. एकदा एका बाईंची नजर तपासायला मी पडदा सरकवला तर आत नाना. बाई किंचाळल्या, आणि बाईंपेक्षा नाना जास्त दचकले.

अशा माणसाच्या पोटी कोमल जन्मली.

ती शाळेत होती तेव्हा नाना तिला सोबत आणायचे, कारण तिची आई कामावर गेली की एकटी घरी ठेवायला भ्यायचे. ती खुर्चीवर उभी राहून खेळ बघायची. मग खेळायला लागली. मग तिच्याशी खेळायला क्लबात माणूस मिळेना. आता ती पुण्यात असते, राष्ट्रीय स्पर्धा खेळते, एका क्लबात शिकवते, त्यावरच जगते. उंचीनं बेतास बात, चेहऱ्यावर कायम कंटाळल्यासारखा भाव आणि बोलणं अस्सल इथलं. आमच्याकडच्या मुली "मी आलो, मी गेलो" म्हणतात तसंच, पुण्यात इतकी वर्षं काढूनही. वडिलांवर तिचा फार जीव. क्लबात कुणी नानांच्या भित्रेपणाची टिंगल केली की ती एवढंच म्हणायची, "पप्पांनी घातलेलं ओझं कधी चुकलंय का सांगा." आणि खरंच सांगता यायचं नाही. नाना कधी कुणाकडे झुकले, असं त्या जिन्यावर आजवर कुणी बोललं नव्हतं. भित्र्या माणसाकडे मिरवायला तेवढंच होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी फिरोज हौशी विरुद्ध व्यावसायिक अशी एक मोठी मॅच ठेवतो. बक्षीस काही नाही, जिंकणाऱ्याला सगळ्यांसमोर फेटा बांधायचा. गेल्या वर्षी हौशी बाजूनं जयदीपदादा उभे राहिले.

जयदीपदादा कोण हे आमच्या भागात कुणी सांगत नाही, फ्लेक्सच सांगतात. त्यांच्याकडे नेमकं कुठलं पद आहे हे मला अजून कळलेलं नाही, पण त्यांच्या गाडीला वाट द्यायची असते हे सगळ्यांना कळतं. एकदा आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं वाट द्यायला उशीर केला. त्याचं दुकान आता तिथं नाही. दादांनी आपल्या फार्महाऊसवर पूल टेबल आणलं होतं आणि त्यांचे कार्यकर्ते त्यांच्याकडून रोज हरत होते. रोज जिंकणाऱ्या माणसाची समजूत काय होणार? तसा त्यांचा हात वाईट नव्हता, नाना स्वतः म्हणायचे. पण कुणीतरी खरं खेळून दाखवायला हवं होतं, आणि तिथं खरं कोण खेळणार?

दादांसमोर सांगलीचा एक व्यावसायिक खेळाडू येणार होता. ऐन वेळी त्याला डेंग्यू झाला. कोमल दिवाळीला घरी आली होती, तिला फिरोजनं विचारलं आणि ती हो म्हणाली. दादांना कळवलं तर ते हसले. "पोरगी हाय व्हय? चालतंय की," म्हणाले. "आन नानांस्नी सांगा, पोरीवर काय ओझं घालायचं त्ये घाला. मला सूट बीट नगो."

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं. पण शनिवारी सकाळी मी दुकान उघडायला आलो तर चौकात फ्लेक्स लागला होता. दादा गॉगल लावून, काठी गदेसारखी खांद्यावर टाकून उभे, खाली शुभेच्छुकांची मुंडकी, आणि वर मोठ्या अक्षरांत "दैदीप्यमान विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन". मॅच रविवारी होती. छपाईवाला रविवारी बंद असतो, म्हणून पोरांनी काम उरकून घेतलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी या प्रकाराला पोट धरून हसून घेतलं असतं. आमच्या गल्लीत त्या फ्लेक्सखालून लोक मान खाली घालून जात होते.

नाना दुपारी आले ते पांढरेफटक पडून. "डाक्टर, बोर्ड बगितला?"

"बघितला."

"हारला तर ह्या बोर्डाचं काय करायचं त्यानं?"

तेवढ्यात दादांचा एक माणूस दुकानात आला. गॉगल बघायचाय म्हणाला. आरशात बघून दोन-चार लावून पाहिले आणि नानांकडे न वळता आरशातूनच त्यांच्याशी बोलला.

"नाना, उद्या कोमलताई हायत म्हनं."

"व्हय."

"लई नाव काढलं पोरीनं. पुण्याला आसत्यात न्हवं?"

"व्हय की."

"होस्टेलवर?"

"न्हाय. खोली घेतलीया, दोगी मैतरणी मिळून."

"कंच्या भागात?"

आणि नानांनी सांगितलं. भाग सांगितला, शेजारच्या बागेची खूणही सांगितली. त्या माणसानं गॉगल काढून ठेवला, "चांगलं हाय," म्हणाला आणि गेला. कसली धमकी नाही, आवाज वर नाही. नाना त्याच्या पाठीकडे बघत होते. "मी सांगितलं," ते म्हणाले. "डाक्टर, मी कशापायी सांगितलं?"

मलाही भीती वाटली, हे सांगायला मला लाज नाही. मी कपाटाच्या काचा पुसत राहिलो. ज्याला भीती वाटत नव्हती असं त्या दोन दिवसांत गल्लीत एकच माणूस होतं, आणि तेच उद्या खेळणार होतं.

रविवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. दादांची माणसं तीन भिंतींना उभी. ओझं सांगायला नाना वर गेले, त्यांच्यासोबत मीही गेलो. त्यांनी पहिलं सांगितलं, प्रत्येक गेमचा पहिला फटका दादांचा. दुसरं, कोमलनं काळा बॉल दादा दाखवतील त्याच भोकात घालायचा. दादांचा हात आणि कोमलचा हात, यांच्यातला फरक एवढ्यानं बरोबर भरून निघत होता. क्लबातल्या जुन्या लोकांनी माना डोलावल्या. नाना तिथं थांबायला हवे होते. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या त्या गॉगलवाल्याकडे बघितलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आन कोमलनं रेस्ट वापराचा न्हाय."

रेस्ट म्हणजे लांबच्या बॉलपर्यंत हात पोचत नसेल तर काठी टेकवायला मिळते ती दुसरी काठी. उंच माणसाला तिची गरज क्वचित लागते. कोमलला प्रत्येक गेमात लागायची, आणि हे तिच्या बापाएवढं कुणाला ठाऊक असणार? क्लबात कुजबुज झाली. फिरोज म्हणाला, "नाना, ये जरा जादा हो रहा है." कोमलनं वडिलांकडे एकदा बघितलं आणि रेस्ट उचलून टेबलाखाली ठेवून दिला. "बरं," एवढंच म्हणाली.

खाली येऊन नाना स्टुलावर बसले तेव्हा त्यांचा चेहरा जरा शांत होता. "आता हारंल," ते पुटपुटले. "हारू दे. उद्या सकाळच्या गाडीनं जाईल पुण्याला, झालं."

ते चुकलं. आयुष्यात पहिल्यांदा नानांचं ओझं चुकलं, आणि ते कोमलमुळे चुकलं. लांबच्या बॉलला हात पोचत नाही ना, मग पांढरा लांब जाऊच द्यायचा नाही, असं ती खेळली. एरवी घेते त्याच्या दुप्पट वेळ घेत, पांढऱ्याला जणू दावणीला बांधून. खाली आम्हाला फक्त आवाज येत होता. दादांनी पहिले दोन गेम घेतले तेव्हा जिना दणाणला, शिट्ट्या वाजल्या. मग शिट्ट्या कमी झाल्या. मग नुसते बॉल पडल्याचे आवाज यायला लागले आणि माणसांचा आवाज बंद झाला. तेवढ्या गर्दीतून खोकल्याचाही आवाज नाही, हे फार भयंकर असतं.

नानांनी माझं मनगट धरलं. त्यांना माझ्या आधी कळलं होतं. ओझं थोडं असतं आणि ती जिंकली असती तर लोक म्हणाले असते, जातीची खेळाडू आहे, जिंकणारच. आता ती बापानं सगळ्यांदेखत हात बांधून ठेवल्यावर जिंकत होती. हा पराभव कुठल्या माणसाला गिळता येणार होता? पोरीला वाचवायला म्हणून नानांनी जे घातलं होतं, त्यानंच तिला मोठ्या संकटात ढकललं होतं.

शेवटच्या गेमला वरून दादांचा आवाज आला, "त्या भोकात." कुठल्या ते आम्हाला दिसत नव्हतं. नंतर कळलं की काळा बॉल तिथं सरळ जायला वाटच नव्हती. बराच वेळ काही झालं नाही. मग काठीचा हलका टप्, टेबलाच्या कडेवर एक ठोका, आणि रेंगाळत गेलेला बॉल भोकात पडला. टाळी एकसुद्धा नाही.

जिन्यावरून पाय उतरायला लागले, खूप सारे आणि हळू. दादा खाली आले आणि माझ्या दुकानासमोर रस्त्यातच थांबले. त्यांची माणसं भोवती उभी राहिली. कुणी गाडी चालू करेना. समोरच्या पानवाल्यानं दुकान आवरायला घेतलं. दादा चौकातल्या फ्लेक्सकडे बघत होते. वर फिरोज कोमलला फेटा बांधत होता, तिला उतरायला हाच एक जिना होता, आणि ते सगळे तिची वाट बघत होते.

नाना उठले. मला वाटलं अंधाऱ्या खोलीत जातील. ते पायरी उतरून रस्त्यावर गेले आणि दादांसमोर हात जोडून उभे राहिले. त्यांचा आवाज इतका कापत होता की पहिले शब्द कळलेच नाहीत.

"दादा, खेळ बाद धरा," ते म्हणाले. "चूक माझी हाय. टेबल मी निवडलं. कललेलं टेबल हाय त्ये, त्याची चाल पोरीला ल्हानपणापासनं ठावं हाय. तुमास्नी ठावं नव्हती. मला म्हाईत आसून मी त्येच लावलं. बाप हाय मी, झुकलो."

खोटं होतं. मॅच ठेवली होती ती पलीकडच्या नव्या टेबलावर. हे फिरोजला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दादांनाही ठाऊक असणार, ते तासभर त्याच टेबलावर खेळले होते. पण त्यांनी मागे आपल्या माणसांकडे बघितलं, मग नानांकडे, आणि हसून नानांच्या खांद्यावर हात टाकला. "नाना, ह्ये आधी बोलायचं की वो," म्हणाले. माणसंही हसली. कुणीतरी म्हणालं, "तरीच म्हटलं." गाड्या चालू झाल्या. फ्लेक्स उतरवायची गरज उरली नव्हती.

कोमल जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती, डोक्यावर फेटा, खांद्यावर काठीची पिशवी. तिनं सगळं ऐकलं होतं. नाना तिच्याकडे वळले तेव्हा ती फेटा सोडत होती. सोडून, घडी करून तिनं तो फिरोजच्या हातात दिला. "चला, बस चुकंल," ती वडिलांना म्हणाली. दोघं गेले. ती पुढे, ते मागे.

पुढचं थोडक्यात सांगतो. नाना पोरीकडे झुकतो, हे महिन्याभरात सगळ्या क्लबात झालं. ज्यांच्यासमोर त्यांनी तिच्यावर जड ओझं घातलं होतं त्यांनीही ते मानलं, कारण त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं ना. ओझं ठरवायला त्यांना कुणी विचारेना. फिरोजनं मोबाइलवर कसलंसं अॅप घेतलंय, तेच आता आकडे काढतं, आणि लोक पुन्हा भांडायला लागलेत. कोमल गुढीपाडव्याला आली नाही. आईला फोन करते. नानांनी उचलला तर "आईला द्या" म्हणते.

या उन्हाळ्यात एका दुपारी नाना दुकानात आले. स्वेटर तसाच, अंगात मात्र काही उरलं नव्हतं. स्टुलावर बसले, पाय वर घेतले. मग म्हणाले, "डाक्टर, तिला तुमी फोन करता? तुमचा उचलंल ती. सांगा तिला, मी त्ये का केलं."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. दोन रिंगांत तिनं उचलला. "बोला काका."

मी तोंड उघडलं तोच नानांनी माझा हात दाबला. मान जोरजोरानं नाही अशी हलवली. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "नगो. त्या गॉगलवाल्यानं पत्ता इचारल्याचं कळलं तर ती गप बसायची न्हाय. हितं येऊन सगळ्यांस्नी सांगंल."

"काका?" कोमल म्हणाली.

"नाना आलेत दुकानात," मी म्हणालो. "बोलतेस का?"

मग ती म्हणाली, "त्यांना एकच विचारा. मी जिंकलो होतो का न्हाई?"

नानांनी ते ऐकलं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं. समोर पानाच्या टपरीपाशी दादांचा एक माणूस मोटरसायकलवर बसला होता, त्याचं इकडे लक्षही नव्हतं. नाना फोनकडे वळले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज काही निघाला नाही. मग त्यांनी त्या फोनकडे बघून होकाराची मान हलवली. सावकाश, पुन्हा पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान हलत होती. मग ते उठले, पायरी उतरले आणि भिंतीच्या कडेकडेनं बसथांब्याकडे चालायला लागले.

"काका, काय म्हणाले?"

"हो म्हणाले," मी सांगितलं.

"तोंडानं?" कोमलनं विचारलं.

मी बाहेर बघितलं. नाना त्या मोटरसायकलीपर्यंत पोचले होते. तो माणूस त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलला, आणि नानांनी त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.